व्यापार करारातलं 'बायकांचं प्रकरण'

शेवंती_फोंडा

शीर्षक वाचून कोणी मसाला शोधत आत आलं असेल तर आधीच माफी मागते. हे प्रकरण पुस्तकातलं आहे. २४ जुलै २०२५ ला भारत आणि ब्रिटन यांच्या व्यापार करारावर सह्या झाल्या. त्यात व्यापार आणि स्त्री-पुरुष समानता या विषयावर एक वेगळं प्रकरण आहे. आपल्या देशाच्या व्यापार करारात असं प्रकरण पहिल्यांदाच आलं.

मी वास्कोला एका कस्टम एजंटच्या ऑफिसात सोळा वर्षं कागद करते. शिपिंग बिल, बिल ऑफ एंट्री, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. नवा करार झाला की येणारी प्रत्येक पार्टी एकच विचारते, "ड्यूटी किती उतरली?" त्यामुळे दरांचं परिशिष्ट आम्हाला पाठ असतं आणि बाकीची पानं कोरी करकरीत राहतात. या वेळी गणेश चवथीच्या सुट्टीत मी ते प्रकरण उघडलं. पहिल्या वाचनात बरं वाटलं. मग धंद्याच्या सवयीने परत वाचलं, म्हणजे नामं सोडून फक्त क्रियापदं. 'महत्त्व मान्य करतात', 'सहकार्य करतील', 'प्रयत्न करतील'. आणि शेवटी, करारातल्या तंट्यांसाठी जी पंचांची व्यवस्था आहे ती या प्रकरणाला लागू नाही.

आता याच करारात स्कॉचचं बघा. आपली ड्यूटी १५० टक्के होती, ती ७५ वर आणायची, आणि दहाव्या वर्षापर्यंत ४० वर. आपण नाही आणली तर ब्रिटन पंच बसवू शकतो. स्कॉचच्या बाटलीला पंच आहे, बायकांच्या प्रकरणाला नाही. मला राग आला असं नाही, पण खटकलं.

कस्टमच्या पुस्तकाला बाई-पुरुष कळत नाहीत असं समजू नका. कपड्यांचे चॅप्टर ६१ आणि ६२. हेडिंग ६२०५ म्हणजे पुरुषांचे शर्ट, ६२०६ म्हणजे बायकांचे ब्लाऊज. पुढून उघडणाऱ्या कपड्याची डावी बाजू उजवीवर येत असेल तर तो पुरुषांचा, उजवी डावीवर आली तर बायकांचा. आणि कोणाचा ते कळतच नसेल तर? बायकांच्या हेडिंगमध्ये टाका, असं चॅप्टरच्या टिपेत लिहिलंय. ऑफिसात नव्या पोरांना हे शिकवताना दरवेळी हशा होतो.

पण मला विचारायचंय ते आईवरून. आई डिचोलीकडच्या एका काजू कारखान्यात बावीस वर्षं होती. आधी फोडणीला, म्हणजे टरफलं फोडायला, मग सोलणीला, म्हणजे गरावरची साल काढायला, शेवटी ग्रेडिंगला, म्हणजे आकाराप्रमाणे गर निवडायला. काजूच्या टरफलात जे तेल असतं ते चामडी खातं. एरंडेल लावा, राख लावा, ते खातंच. मजुरी किलोवर, आणि गर अख्खा निघाला तर. तुकडा पडला की दर पडला. डब्ल्यू-३२० म्हणजे पौंडात ३०० ते ३२० गर. हे ती डोळ्यांनी सांगायची, वजनकाट्याला हात न लावता. म्हातारपणी आधार काढायला नेलं तर मशीन तिचा अंगठा घेईना. दहाही बोटं पुसलेली. तिथला मुलगा म्हणाला, "आजी, हात धुवून या."

त्या कारखान्यात निम्मा माल आफ्रिकेतून यायचा, बेनिन, आयव्हरी कोस्ट, टांझानिया. २०१८ च्या बजेटात कच्च्या काजूवरची ड्यूटी ५ वरून अडीच टक्क्यांवर आली तेव्हा आमच्या ऑफिसात पेढे वाटले होते. त्या अडीच टक्क्यांनी आईच्या किलोमागच्या दरात काय फरक पडला हे विचारणारं कलम कुठल्या करारात आहे? असेल तर दाखवा. मी खरंच शोधतेय.

बोंडूरस

सगळं सोडा, त्या करारात आमच्या फेणीचं काय झालं ते सांगा. स्कॉच इथे स्वस्त होणार आणि हुर्राक (काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू) आम्ही अजून प्लास्टिकच्या बाटलीतून नेणार?

शेवंती_फोंडा

बोंडूरस, फेणीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, २००९ सालीच मिळालंय, आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला देशी दारूच्या खात्यातून काढून वारसा पेय केलं. माल पाठवायचा तर वाट आहे. पण तुमच्याच भाटात, काजूच्या बागेत बघा ना. पहाटे बोंडू (काजूची फळं) वेचते ती बाई. भट्टीचं लायसन कोणाच्या नावावर आहे?

बोंडूरस

बापाच्या. बरं, गप्प बसतो.

निवृत्त_मास्तर

शेवंतीताई, आपला धागा वाचून आनंद झाला. मडगावच्या महाविद्यालयात तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले, परंतु क्रियापदे मोजण्याची ही रीत मला सुचली नव्हती.

थोडी पार्श्वभूमी देतो. व्यापार करारात स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्याची प्रथा चिलीने सुरू केली. २०१६ साली चिली व उरुग्वे यांच्या करारात ते प्रथम आले. मग कॅनडा व चिली यांनी आपला जुना करार सुधारून त्यात ते घातले, २०१९ च्या फेब्रुवारीपासून ते लागू झाले. तिथेही तंटा-व्यवस्था वगळलेली आहे. कॅनडा-इस्रायल करारात मात्र एक पाऊल पुढे टाकले; दोन्ही पक्षांची संमती असेल तर या प्रकरणावरचा तंटाही पंचांपुढे नेता येतो. प्रतिवादीची संमती घेऊन त्याच्यावरच फिर्याद, हा विनोद आपण समजून घ्यालच.

भारताची भूमिका पूर्वी स्पष्ट नकाराची होती. डिसेंबर २०१७ मध्ये ब्युनोस आयर्स येथे जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेत ११८ सदस्य व निरीक्षकांनी स्त्रियांच्या आर्थिक सक्षमीकरणाचा जाहीरनामा उचलून धरला. भारत त्यात नव्हता. समानतेला विरोध नाही, पण हा व्यापार संघटनेचा विषय नव्हे, असे आपले म्हणणे. त्यामागे १९९६ ची सिंगापूर परिषद आहे. तेव्हा श्रीमंत देश कामगारांचे हक्क व्यापाराला जोडू पाहत होते आणि आपल्यासारख्या देशांनी तो विषय आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे परत पाठवला. एकदा दार किलकिले केले की उद्या कोणीही म्हणेल, तुमच्याकडे बायकांना मजुरी कमी, म्हणून तुमचा माल नको.

आणि गंमत अशी, की त्या जाहीरनाम्याला जगभरच्या दीडशेहून जास्त स्त्री संघटनांनीही विरोध केला होता. त्यांचे म्हणणे, ज्या नियमांनी बायकांची शेती आणि औषधे महाग केली त्याच नियमांना तुम्ही गुलाबी रंग देताय.

पुण्याचा_पाहुणा

मास्तरांनी माझंच म्हणणं सभ्य भाषेत मांडलं. मी निर्यात क्षेत्रातच आहे, इंजिनीअरिंग मालाच्या. हे सगळं श्रीमंतांचं नाटक आहे हो. आधी पर्यावरण, मग कामगार, आता बायका. उद्या कंटेनर अडवायला एक निमित्त. व्यापार हा व्यापार असावा, समाजसुधारणा घरी करावी.

शेवंती_फोंडा

भाऊ, तुमची भीती खोटी नाही. पण कंटेनर अडवणं हाच एक मार्ग आहे असं का धरून चालता?

दोन उदाहरणं. बांगलादेशात २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा कोसळली, अकराशेवर माणसं गेली, बहुतेक शिवणकाम करणाऱ्या बायका. दोन महिन्यांनी अमेरिकेने बांगलादेशची ड्यूटी सवलत काढून घेतली. जोरात बातमी झाली. पण त्या सवलतीत तयार कपडे जवळजवळ नव्हतेच! म्हणजे ज्या मालासाठी बायका मेल्या त्याला शिक्षा लागलीच नाही, लागली ती भलत्याच मालाला. आम्ही कागदवाले हेडिंग बघतो ते यासाठी.

दुसरं कंबोडियाचं. १९९९ मध्ये अमेरिकेने त्यांच्याशी कपड्यांचा करार केला. कारखान्यातली स्थिती सुधारा, आम्ही तुमचा कोटा वाढवू. तपासायला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची माणसं. कारखान्यात बहुतेक सगळ्या बायकाच. काठी नाही, गूळ दाखवला. २००४ अखेर जगभरची कोटा पद्धतच संपली आणि गूळही संपला, हे खरं. पण ते जमत होतं.

पुण्याचा_पाहुणा

कंबोडियाचं माहीत नव्हतं. मुद्दा नोंदवतो. मान्य करत नाही, नोंदवतो.

निवृत्त_मास्तर

पाहुणे, समाजसुधारणा घरी करावी म्हणता, म्हणून एक जुनी गोष्ट. १९५७ चा रोमचा तह, ज्यातून पुढे युरोपीय संघ उभा राहिला. त्याचे ११९ वे कलम: समान कामाला स्त्री-पुरुषांना समान वेतन. हे कलम कोणा स्त्रीवादी चळवळीने नाही घातले. ते फ्रान्सने लावून धरले, कारण फ्रान्समध्ये समान वेतनाचा कायदा होता आणि शेजारचे देश बायकांना कमी पगारात राबवून आपले कापड स्वस्त विकतील ही त्यांच्या गिरणीवाल्यांना धास्ती. म्हणजे निव्वळ धंद्याची गरज.

पुढे एकोणीस वर्षे ते कलम जवळजवळ पडून राहिले. मग बेल्जियमच्या सबेना विमान कंपनीतली हवाई सुंदरी गाब्रिएल डेफ्रेन कोर्टात गेली. तिच्या बरोबरीचे काम करणाऱ्या पुरुषांना जास्त पगार होता, आणि हवाई सुंदरींना चाळिशीत घरी पाठवत. ८ एप्रिल १९७६ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितले, हे कलम थेट लागू होते, कोणीही ते घेऊन आपल्या देशातल्या कोर्टात उभे राहू शकते. (आपल्याकडे एअर इंडियाच्या नर्गेश मिर्झा खटल्याचा निकाल १९८१ चा. पहिल्या गरोदरपणी नोकरीवरून काढण्याची अट त्यात रद्द झाली, बाकी बऱ्याच अटी टिकल्या.)

तेव्हा ताई, आजचे मऊ क्रियापद उद्या कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही.

शेवंती_फोंडा

मास्तर, गोष्ट फार आवडली, पण एक फरक राहिला. डेफ्रेनबाईंना जायला कोर्ट होतं. कलम पडून होतं, तरी कोर्टाचं दार त्याला बंद नव्हतं. इथे दाराला आधीच कुलूप घालून मग कलम लिहिलंय.

मिस्किल_म्हापसेकर

माझ्या घरी तंटा-व्यवस्था पूर्ण लागू आहे. पंच सासूबाई आहेत. निकाल नेहमी...

संपादक

म्हापसेकर, हा धागा त्यासाठी नाही. यानंतरचे दोन प्रतिसाद काढले आहेत.

पेडणे_ते_स्विंडन

मी मूळची पेडण्याची. पोर्तुगीज पासपोर्टवर इथे ब्रिटनमध्ये आले त्याला आता अकरा वर्षं झाली. एका गोदामात पॅकिंगला आहे. इथे स्विंडनमध्ये गोंयकार इतके की मासळी मिळाली नाही तरी मासळीच्या गप्पा मिळतात.

ब्रिटनचं सगळं आधीपासूनच छान असेल असं वाटत असेल तर इथल्या फोर्डच्या बायकांचं सांगते. १९६८ मध्ये डॅगनमच्या कारखान्यात मोटारीच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या बायकांनी संप केला. त्यातून १९७० चा समान वेतन कायदा आला, लागू व्हायला १९७५ चा डिसेंबर उजाडला. पण त्यांचं मूळ भांडण वेगळंच होतं. कंपनीने त्यांचं शिवणकाम 'अकुशल' म्हणून खालच्या श्रेणीत टाकलं होतं. ती श्रेणी बदलून मिळाली १९८४ मध्ये, दुसरा संप केल्यावर. सोळा वर्षं.

शेवंतीताई, तुमच्या आईची सोलणी कुठल्या श्रेणीत होती?

शेवंती_फोंडा

पेडणेकर ताई, हे वाचून दुपारभर काम सुचलं नाही.

आईच्या कारखान्यात बॉयलरवर एक गडी होता, त्याला महिन्याचा पगार, तो कुशल. सोलणीला सत्तर बायका, किलोवर, अकुशल. सोलणीला पुरुष एकही नव्हता. १९७६ चा समान वेतनाचा कायदा होता की आपल्याकडे. पण तो म्हणतो, एकच काम किंवा तशाच स्वरूपाचं काम असेल तर समान पैसे. आता तुलना कोणाशी करायची? ज्या कामाला पुरुष हातच लावत नाही त्या कामात असमानता कागदावर सापडतच नाही. इन्स्पेक्टर आला तरी वही स्वच्छ!

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १०० क्रमांकाचा करार आहे, १९५१ चा, भारताने तो १९५८ मध्येच स्वीकारला. त्यात शब्द आहे 'समान मूल्याचं काम'. म्हणजे बॉयलर आणि सोलणी ही वेगळी कामं, पण दोन्हींचं मूल्य तोला, कसब किती, जबाबदारी किती, अंगाला झळ किती. आपल्या कायद्यात तो 'मूल्य' शब्द उतरलाच नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुना कायदा जाऊन वेतन संहिता आली, तीही त्याच 'तशाच स्वरूपाच्या' कामापाशी थांबते.

आई सांगायची, बॉयलरवाला आजारी पडला तर तीन दिवस काम चालायचं. ग्रेडिंगची बाई आजारी पडली की माल परत यायचा, कारण डब्ल्यू-२४० च्या डब्यात ३२० गेले की पार्टी ओरडते. तिला स्वतःला कधी वाटलं नाही की ती कुशल आहे. मलाही नाही वाटलं. आज पहिल्यांदा वाटतंय.

सत्तरीकार

आमच्या वाळपईकडेही तेच. फक्त एक भर. मशीन आलं की चित्र उलटतं. व्हिएतनामने फोडणीला यंत्रं आणली, आपल्याकडेही आली. यंत्रावर बसला पुरुष, आणि तेच काम एका रात्रीत कुशल झालं! बायका राहिल्या उरलेली साल काढायला. यंत्राच्या आयातीला सवलत मिळते. त्या सवलतीचा अर्ज भरताना कोणी विचारत नाही की यामुळे किती बायका घरी जातील.

मांडवीकाठ

काजूवाल्यांनी धागा खाल्ला, थोडं मासळीचंही घ्या. घरचे दोन ट्रॉलर. जून-जुलैची एकसष्ट दिवसांची बंदी सोडली तर वर्षभर समुद्र.

जागतिक व्यापार संघटनेचा मासेमारी अनुदानाचा करार जून २०२२ मध्ये जिनिव्हात झाला, १५ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. बेकायदा मासेमारीला आणि संपत आलेल्या मासळीच्या पकडीला अनुदान नाही. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. होड्याच जास्त झाल्या, त्यांच्या अनुदानाचं काय, हे भांडण चालूच आहे आणि भारत त्यात २५ वर्षांची मुदत मागतोय.

त्या सगळ्या चर्चेत मोजतात काय? होडी, इंजीन, डिझेल. होडी कोणाच्या नावावर? माझ्या, भावाच्या. आता आमच्या जेटीवरची नुस्तेकान्न, म्हणजे मासे विकणारी बाई घ्या. पाटी उचलते, लिलावात भांडते, पुरमेंतासाठी (पावसाळ्याच्या बेगमीसाठी) बांगडे आणि सुंगटां (कोळंबी) वाळवते. तिला डिझेल लागत नाही, म्हणून तिला अनुदान नाही, म्हणून ती करारात नाही. आमच्या होड्या उद्या कमी झाल्या तर पहिली रिकामी होणार ती तिची पाटी. मी बाईमाणसांचा कैवारी वगैरे नव्हे, मासळीच्या दरावरून ती माझ्याशी रोज भांडते. पण हे मला दिसतं ते लिहिलं.

तारवटीण

पहिल्यांदाच लिहितेय. नवरा बोटीवर, नऊ महिने बाहेर. मी दोन वर्षांपासून कोकमाची सोलां (वाळवलेल्या साली) आणि आगळ (खारवलेला रस) करते, बारा जणींचा गट आहे.

बाहेरचे लोक म्हणतात गोव्यात बायकांना किती बरं, पोर्तुगीज कायद्याने लग्न झालं की निम्मी मालमत्ता बायकोची. खरंच आहे ते, मुलीलाही मुलाइतका वाटा. पण स्थावर विकायचं किंवा तारण ठेवायचं तर दोघांचीही सही लागते. वाईट नियम नाही, याच नियमाने माझ्या आईचं घर वाचलं. पण यंत्रासाठी कर्ज काढायला गेले तर नवऱ्याची सही हवी, आणि तो ब्राझीलच्या किनाऱ्यावर! प्रोकुरासांव, म्हणजे मुखत्यारपत्र, करून ठेवलं नव्हतं. तो सुट्टीवर येईपर्यंत कोकमाचा हंगाम गेला. सोलां काही मे महिन्यानंतर थांबत नाहीत.

या करारांच्या प्रकरणात 'कर्ज मिळणं सोपं करू' असं लिहिलेलं असतं म्हणतात. पण बँकेच्या टेबलाशी आधी सोपं व्हायला हवं ना?

निवृत्त_मास्तर

तारवटीणबाय, लिहीत राहा. आपला प्रतिसाद माझ्या साऱ्या परिषदांपेक्षा जड आहे. नवरा पुढच्या वेळी सुट्टीवर आला की पहिल्या आठवड्यात नोटरीकडे जा.

कुवेतहून

मुद्दा थोडा वेगळा. माणसांची ये-जा हाही सेवांचा व्यापारच. घरकामाला आखातात जाणाऱ्या बाईला, तिचा पासपोर्ट एमिग्रेशन (देशाबाहेर जाण्याच्या) तपासणीच्या वर्गातला असेल तर, वय ३० पूर्ण हवं असा भारताचा नियम. पुरुषाला असं काही नाही. बायकांना फसवतात म्हणून हा नियम आला, कारण खरं आहे. पण इथे मी बघतो, एकोणतिसाव्या वर्षी ज्या आल्या त्या एजंटाच्या खोट्या कागदावर आल्या, आणि मग त्यांना वकिलातीत जायलाही भीती वाटते.

पुण्याचा_पाहुणा

दोन दिवस वाचतोय. माझं मत बदललं असं म्हणणार नाही. पण शेवंतीताई, तुमचा मूळ प्रश्न चुकीच्या पानावर होता असं वाटतंय. त्या प्रकरणात तुम्ही आई शोधत होता. आई तिथे नसणारच. ती असेल दरांच्या परिशिष्टात, माल मूळ कुठल्या देशाचा ते ठरवणाऱ्या ओरिजिनच्या नियमांत, मालाच्या तपासणीत, सरकारी खरेदीत. ज्या पानांना पंच आहे त्या पानांत.

शेवंती_फोंडा

भाऊ, हे तुम्ही लिहावं! बरोबर आहे. मी सोळा वर्षं तीच पानं भरते आणि बाई बघायला भलत्या पानावर गेले.

एक अमेरिकन खटला आठवला. हातमोजे आयात करणाऱ्या एका कंपनीने सरकारवर दावा लावला होता, की पुरुषांच्या चामडी मोज्यांवर १४ टक्के आणि बायकांच्या मोज्यांवर १२.६, हा लिंगभेद आहे. २०१० मध्ये हरले. कोर्ट म्हणालं, दर वेगळे आहेत एवढ्यावर भेद करण्याचा हेतू होता हे सिद्ध होत नाही. म्हणजे दराच्या पानावरही भांडण सोपं नाही.

खोलांतली_मिरसांग

ताई, मी काणकोणची. खोल्याची मिरची लावतो आम्ही अठरा बायका, डोंगराच्या उतारावर, पावसाच्या पाण्यावर. जीआय आहे. लंडनमधल्या एका गोंयकार दुकानदाराने माझ्या भावजयीकडे विचारणा केलीय, सुरुवातीला थोडीच हवी. करारामुळे आता सोपं होईल का? की तुम्ही वर म्हणता तसं नुसतीच क्रियापदं?

शेवंती_फोंडा

बाय, तुझ्या कामाचं सांगते, प्रकरण बाजूला ठेव.

कस्टमच्या पुस्तकात अख्खी वाळलेली मिरची ०९०४ २१, दळलेली ०९०४ २२. तुझ्या मालाला ड्यूटीचा अडथळा कधीच मोठा नव्हता, त्यामुळे ड्यूटी उतरून तुला फार काही मिळणार नाही. अडथळा आहे तो अफ्लाटॉक्सिनचा. मिरची ओली राहिली की बुरशी धरते, त्या बुरशीचं विष. युरोपात सुक्या मिरचीला मर्यादा किलोला १० मायक्रोग्रॅम, त्यातलं बी-१ जातीचं ५ पेक्षा जास्त नको. ब्रिटनने युरोपातून बाहेर पडल्यावरही हीच मर्यादा ठेवली. भारतीय मिरचीकडे तिथले लोक आधीच संशयाने बघतात.

वाळवण कुठे घालता?

खोलांतली_मिरसांग

शेणाने सारवलेल्या खळ्यावर. रात्री गोणपाट घालतो. सासूबाईंच्या काळापासून तसंच.

शेवंती_फोंडा

तिथेच गडबड होते. जमिनीची ओल खालून चढते, दंव वरून. जमिनीपासून वर, जाळीच्या बाजेवर घाला, आणि सूर्य मावळायच्या आत गोळा करून कोरड्या खोलीत न्या. देठाशी काळा डाग असलेली मिरची वेगळी काढा, ती घरीही वापरू नका.

कागद: आयात-निर्यात कोड, तो ऑनलाइन ५०० रुपयांत मिळतो, एजंटाला पाच हजार देऊ नकोस. अन्नसुरक्षेचं लायसन. मसाला मंडळाची निर्यातदार नोंदणी. गटाच्या नावावर काढा, एकीच्या नवऱ्याच्या नावावर नको. आमच्याकडे 'गट बायकांचा आणि कोड नवऱ्याचा' अशा किती फायली येतात म्हणून सांगू.

खोलांतली_मिरसांग

देव बरें करूं. मागच्या वर्षी एकाने चाचणी करायला सांगितलं होतं. तिचा खर्च ऐकून गटातल्या निम्म्या उठून गेल्या, दहा किलो मिरचीचे पैसे एका चाचणीत.

तारवटीण

आमच्या आगळालाही चाचणी लागणारच आहे. प्रयोगशाळा एकच असेल तर गाडीभाडं तरी वाटून घेऊ. मी शिरोड्याहून येते.

पुण्याचा_पाहुणा

पहिल्या चाचणीचे पैसे मी देतो. दान नाही, पहिल्या पार्सलातली एक किलो मिरची पाठवा. पुण्यात जी मिळते ती नुसती लाल असते.

खोलांतली_मिरसांग

भाऊ, दोन किलो घ्या. ताई, नमुना किती आणायचा? एका पोत्यातली मूठभर पुरेल?

शेवंती_फोंडा

मूठभर नको. ही बुरशी सगळीकडे सारखी नसते, एका कोपऱ्यात असते आणि बाकी पोतं स्वच्छ. प्रत्येक पोत्यातून वरची, मधली, खालची काढ, सगळी एकत्र मिसळ, आणि त्यातली कागदी पिशवीत घाल. प्लास्टिकमध्ये घाम येतो. कुठकुठल्या पोत्यांतली ते पिशवीवर लिही. मंगळवारी मी मडगावला असेन, कदंबा स्टँडवर साडेदहाला भेट.